यंत्राच्या पोटांतील यंत्र

गेल्या जून महिन्यांत आमच्या शाळेच्या कचेरींत एक प्रसंग घडला. त्यावरून जें शिकावयास मिळालें तें तुम्हांस सांगावें, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

शाळेचे एक माजी विद्यार्थी, आज स्वतः दोन मुलांचे वडील, शाळा सोडल्याच्या दाखल्याची दुसरी प्रत मागावयास आले होते. नोकरीच्या कागदांत त्यांच्या वडिलांच्या नांवाचें एक अक्षर चुकलें होतें, आणि पंधरा दिवसांच्या आंत खरा दाखला हजर न केल्यास त्यांची नेमणूक रद्द होणार होती. आमच्या हेडक्लार्कांनीं जनरल रजिस्टर काढलें. परंतु त्या वर्षाचीं पानें एका पावसाळ्यांत भिजून एकमेकांस इतकीं चिकटलीं होतीं कीं, सोडवूं जातां तीं फाटूं लागलीं. उरला आधार एकच. सन १९९९ पासून २००७ पर्यंत शाळेनें ही सर्व नोंद एका संगणकांतही ठेविली होती, व तो संगणक कचेरीच्या कोपऱ्यांत खाकी कापडाखालीं अद्याप उभा होता. कापड काढून बटण दाबलें. पंख्याची घरघर झाली, आणि पुढें कांहींच नाहीं.

यंत्र उघडून पाहतां मदरबोर्डावरील कांहीं कपॅसिटर फुगून फुटलेले आढळले. तसा बोर्ड आतां आम्हांस कोठेंही मिळेना. ज्या हार्ड डिस्कवर माहिती होती ती मात्र शाबूत होती. मग डिस्क काढून नव्या संगणकास जोडावी, म्हणजे काम झालें, असें कोणासही वाटेल. आम्हांसही तसेंच वाटलें, व आम्हीं तसें करून पाहिलें. फायली दिसल्या, पण त्या उघडतांच मराठी नांवांच्या जागीं रोमन अक्षरें, टिंबें व चिन्हें यांची खिचडी दिसूं लागली. याचें कारण असें. युनिकोड या सर्वमान्य संकेतांत देवनागरीस सन १९९१ पासून स्थान होतें खरें. परंतु त्यानंतरही पुष्कळ वर्षें मराठी प्रोग्राम आपापल्या फाँटापुरता निराळा संकेत वापरीत. एका फाँटांत जो अंक ‘क’ या अक्षराचा, तोच दुसऱ्या फाँटांत भलत्याच अक्षराचा. आमची नोंद वाचूं शकणारा प्रोग्राम एकच होता, व तो विंडोज ९८ वरच चालणारा होता. ज्यांनीं तो लिहिला त्यांचा धंदा केव्हांच बंद झाला आहे, आणि नव्या संगणकावर तो प्रोग्राम उठावयास तयार नव्हता. अक्षरें होतीं; वाचणारा नव्हता.

हा पेंच ज्या युक्तीनें सुटला तिचें नांव ‘आभासी यंत्र’. एका संगणकाच्या पोटांत, केवळ प्रोग्रामाच्या बळावर, दुसरा सबंध संगणक उभा करावयाचा, अशी ही युक्ति आहे. ती नवी नव्हे. तिचें वय साठ वर्षांच्या आसपास आहे. ती समजण्यासाठीं आधीं एक गोष्ट स्पष्ट झाली पाहिजे: प्रोग्रामाचें यंत्राशीं नातें कोणत्या प्रकारचें असतें?

तीन थर आणि त्यांचे करार

संगणकाचे तीन थर कल्पावे. तळाशीं खरें यंत्र, म्हणजे प्रोसेसर, मेमरी, डिस्क, पडदा व कळफलक. त्यावर ऑपरेटिंग सिस्टिम. हिला आपण या लेखांत कार्यप्रणाली म्हणूं. विंडोज, लिनक्स व मॅकओएस हीं तिचीं उदाहरणें होत. सर्वांत वर आपले रोजचे प्रोग्राम. प्रोग्राम डिस्कला स्वतः हात लावीत नाहीं. ‘अमुक फाईल उघडून द्या’ अशी तो कार्यप्रणालीस विनंति करितो. कार्यप्रणाली पुढें प्रोसेसराच्या भाषेंत यंत्रास आज्ञा देते. म्हणजे प्रत्येक थराचा खालच्या थराशीं एक करार असतो: मीं अमुक शब्दांत मागितलें असतां तूं अमुक द्यावें.

आतां येथें नीट लक्ष द्यावें. वरच्या थरास खालचा थर डोळ्यांनीं दिसत नसतो. करार पाळला जातो कीं नाहीं, एवढेंच त्यास कळतें. मग तो करार खऱ्या यंत्रानें पाळला काय, किंवा दुसऱ्या एखाद्या प्रोग्रामानें पाळला काय, वरच्यास त्यांत फरक वाटण्याचें कारण नाहीं. या विषयाचें सारें बीज या एका गोष्टींत आहे.

आज्ञांचा करार निराळा व तो पाळणारें यंत्र निराळें, हा भेद अमेरिकेंतील आयबीएम कंपनीनें ता. ७ एप्रिल १९६४ रोजीं जाहीर केलेल्या ‘सिस्टिम ३६०’ या संगणकमालेंत मोठ्या स्पष्टपणें मांडिला. मालेंत लहान-मोठीं, स्वस्त-महाग अशीं अनेक यंत्रें होतीं. त्यांची आंतील रचना एकसारखी नव्हती. परंतु आज्ञांची भाषा एक होती. लहान यंत्रासाठीं लिहिलेला प्रोग्राम, संस्था वाढल्यावर, मोठ्या यंत्रावरही तसाच चालावा हा त्यांतील उद्देश होता.

केंब्रिज येथील युक्ति

त्या काळीं संगणक म्हणजे दालनभर पसरलेलें व अत्यंत महाग यंत्र. एकाचें काम चालू असतां बाकीच्यांनीं ताटकळत बसावें, हें परवडणारें नव्हतें. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स राज्यांत केंब्रिज या गांवीं आयबीएमचें एक शास्त्रीय केंद्र होतें. तेथें रॉबर्ट क्रीसी, लेस कोमो व त्यांचे सहकारी यांनीं, थोडा फेरफार केलेल्या ‘मॉडेल ४०’ या यंत्रावर, सीपी-४० नांवाची प्रणाली रचिली. ती जानेवारी १९६७ मध्यें नित्य वापरांत आली. तिच्या योगें एका यंत्रांत १४ पर्यंत आभासी यंत्रें एकाच वेळीं चालत, आणि प्रत्येक वापरणारास सबंध सिस्टिम ३६० आपल्या एकट्याच्याच सेवेस आहे असें वाटे.

या रचनेंतील शहाणपण पाहण्यासारखें आहे. यंत्राची वाटणी करण्याचें काम खालच्या प्रणालीनें घेतलें. वर प्रत्येकासाठीं सीएमएस नांवाची एक साधी, एकाच माणसापुरती कार्यप्रणाली ठेविली. तिला वाटणीची फिकीरच नव्हती. एक अवघड काम दोघांत विभागतांच दोन सोपीं कामें झालीं. पुढें सीपी-६७ ही प्रणाली आली, आणि ता. २ ऑगस्ट १९७२ रोजीं ‘व्हीएम ३७०’ जाहीर झाली. त्याच वंशांतील ‘झेड व्हीएम’ ही प्रणाली आयबीएमच्या मोठ्या संगणकांवर आजही चालते.

पुण्याच्या जुन्या वाड्यांत एका मालकाकडे आठ-दहा बिऱ्हाडें राहत. पण त्यांस एकमेकांचीं भांडीं वाजलेलीं ऐकूं येत, व नळावर नंबर लावावा लागे. येथील चमत्कार असा कीं, प्रत्येक बिऱ्हाडास सबंध वाडा आपलाच दिसतो. विहीर आपली, माडी आपली, दिंडीदरवाजा आपला. शेजार आहे याचा त्यास पत्ताही नसतो. सर्वांस ओळखून असतो तो फक्त मालक. या मालकाच्या जागीं जी प्रणाली असते तिला हायपरव्हायझर म्हणतात. ज्या खऱ्या संगणकावर हा संसार चालतो तो यजमान, आणि आभासी यंत्रांत राहणारी कार्यप्रणाली ती पाहुणी. हे तीन शब्द ध्यानांत ठेवावे.

आभास कसा उत्पन्न होतो

शाळेचेंच उदाहरण घेऊं. वर्गशिक्षक फळ्यावर लिहितात, प्रश्न विचारतात, वह्या तपासतात. यांस कोणाची परवानगी लागत नाहीं. परंतु शाळा सुटल्याची घंटा देवविणें हा अधिकार मुख्याध्यापकांचाच. प्रोसेसरासही असा भेद कळतो. बेरीज, तुलना, उचल-ठेव या साध्या आज्ञा. आणि ज्यांच्या योगें मेमरीची वाटणी बदलते, डिस्क हालते किंवा यंत्र थांबतें त्या राखीव आज्ञा. राखीव आज्ञा देण्याचा अधिकार कार्यप्रणालीचा.

आभासी यंत्रांत पाहुण्या प्रणालीचा हा अधिकार, तिला कळूं न देतां, काढून घेतलेला असतो. ती स्वतःस मुख्याध्यापकच समजत असते, व त्याच ऐटींत घंटेची आज्ञा देते. तोंच प्रोसेसर तिला थांबवितो आणि हायपरव्हायझरास हांक मारितो. काय मागितलें आहे हें तो पाहतो. समजा, ‘डिस्कचा हजारावा भाग वाच’ अशी आज्ञा होती. हायपरव्हायझर त्या पाहुणीच्या वांट्यास दिलेली एक फाईल उघडतो, तींतील तेवढा मजकूर तिच्या मेमरींत नेऊन ठेवितो, आणि तिला पुन्हा चालूं करितो. तिला वाटतें, डिस्क फिरली. तिची डिस्क म्हणजे यजमानाची एक फाईल आहे, हें तिला कधींच उमगत नाहीं. साध्या आज्ञा मात्र कोणी मध्यें न पडतां खऱ्या प्रोसेसरावरच धांवत असतात. म्हणून वेग फारसा घटत नाहीं.

सन १९७४ मध्यें जेराल्ड पोपेक व रॉबर्ट गोल्डबर्ग या दोघांनीं या युक्तीस शास्त्राचें रूप दिलें. त्यांनीं हायपरव्हायझरास तीन कसोट्या लाविल्या. पहिली सचोटीची: प्रोग्राम खऱ्या यंत्रावर जसा वागेल तसाच आभासी यंत्रांत वागला पाहिजे, कालगणना व उपलब्ध साधनांची मर्यादा एवढाच काय तो अपवाद. दुसरी वेगाची: बहुतेक आज्ञा मध्यस्थावांचून थेट प्रोसेसरावर चालल्या पाहिजेत. तिसरी ताब्याची: खऱ्या यंत्राचीं साधनें सर्वस्वी हायपरव्हायझराच्या हातीं राहिलीं पाहिजेत. आणि त्यांनीं असें दाखवून दिलें कीं, यंत्राची स्थिति बदलणारी अगर ती उघड करणारी प्रत्येक नाजूक आज्ञा जर राखीव असेल, तर असा हायपरव्हायझर रचितां येतो.

पुढें जे प्रोसेसर घरोघरीं पोंचले त्या इंटेल जातीच्या प्रोसेसरांत ही अट पुरी होत नव्हती. सन २००० मध्यें जॉन रॉबिन व सिंथिया अर्व्हाइन यांनीं पेंटियम प्रोसेसरांतील अशा १७ आज्ञा दाखवून दिल्या कीं, ज्या नाजूक आहेत पण राखीव नाहींत. त्यांतील ‘पॉप-एफ’ ही एक. बाहेरील उपकरणांची हांक ऐकावी कीं नाहीं, हें ठरविणारें चिन्ह प्रोसेसरांत असतें. अधिकार नसतां या आज्ञेनें तें चिन्ह बदलूं गेल्यास ती थांबत नाहीं व तक्रारही करीत नाहीं. तेवढा भाग मुकाट्यानें गाळून पुढें जाते. म्हणजे घंटा वाजली नाहीं, आणि वाजली नाहीं हेंही कोणी सांगितलें नाहीं! हायपरव्हायझरास हांकच गेली नाहीं, तर त्यानें सांवरून घ्यावें तरी कसें?

या अडचणीवर तीन उपाय निघाले. सन १९९८ मध्यें स्थापन झालेल्या व्हीएमवेअर या कॅलिफोर्नियांतील कंपनीनें पुढील वर्षीं आपला पहिला प्रोग्राम विक्रीस काढला. त्यांत पाहुणीचा अशा आज्ञांचा मजकूर चालण्यापूर्वींच तपासून त्या जागीं निर्धोक मजकूर घातला जाई. सन २००३ मध्यें इंग्लंडांतील केंब्रिज विद्यापीठाच्या मंडळींनीं ‘झेन’ प्रसिद्ध केला. त्यांनीं पाहुणीसच विश्वासांत घेतलें. तिच्यांत थोडा बदल करून, अशा ठिकाणीं तिनें सरळ हायपरव्हायझराकडेच मागणी करावी, अशी व्यवस्था केली. तिसरा उपाय मुळाशीं जाणारा होता. इंटेलनें सन २००५ मध्यें व एएमडीनें सन २००६ मध्यें प्रोसेसरांतच सुधारणा करून ही उणीव भरून काढली. त्यानंतर फेब्रुवारी २००७ मध्यें लिनक्सच्या गाभ्यांत ‘केव्हीएम’ हा भाग समाविष्ट झाला, व साध्या लिनक्स संगणकासही हायपरव्हायझराचें काम करितां येऊं लागलें.

भाषा निराळी असेल तर

वरील सर्व विवेचनांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. पाहुणीची आज्ञाभाषा व यजमान प्रोसेसराची आज्ञाभाषा एकच आहे, अशी ती समजूत. ती निराळी असेल तर साध्या आज्ञाही थेट धांवूं शकत नाहींत. तेव्हां प्रत्येक आज्ञेस दुभाष्या लागतो. यास इम्युलेशन म्हणतात. मराठींत हुबेहूब नक्कल म्हणतां येईल. बहुरूपी फौजदाराचें सोंग आणतो तेव्हां तो फौजदाराची चाल, बोली व मिशी सर्व स्वतःच्या अंगानें वठवितो; त्यांतलाच हा प्रकार. सोंग उत्तम वठेल, पण त्यास मेहनत फार पडते, व त्या मानानें वेग कमी होतो.

हा भेद ॲपलच्या मॅकिंटॉश संगणकांच्या इतिहासांत स्वच्छ दिसतो. सन १९९४ पासून या संगणकांत पॉवर-पीसी जातीचे प्रोसेसर आले. त्यांची आज्ञाभाषा इंटेलहून निराळी. सन १९९७ मध्यें कनेक्टिक्स कंपनीनें ‘व्हर्च्युअल पीसी’ हा प्रोग्राम काढला व मॅकवर विंडोज चालूं लागली. पण ती दुभाष्याच्या जोरावर, म्हणून सावकाश. सन २००६ मध्यें ॲपलनें स्वतःच इंटेलचे प्रोसेसर घेतले. भाषा एक झाली; त्याच वर्षीं पॅरलल्स व पुढील वर्षीं व्हीएमवेअर फ्यूजन हे प्रोग्राम आले, व मॅकच्या पोटांतील विंडोज जवळजवळ खऱ्या यंत्राच्या वेगानें धांवूं लागली. नोव्हेंबर २०२० मध्यें ॲपलनें आपला एम-१ हा प्रोसेसर आणिला. त्याची भाषा आर्म जातीची. तेव्हां इंटेलची भाषा बोलणाऱ्या पाहुण्या प्रणालीस त्या घरीं पुन्हा दुभाष्या लागूं लागला. आर्म भाषेंतील विंडोज व लिनक्स यांस मात्र मोकळा रस्ता मिळाला.

पडद्यावरील दृश्य तिन्ही काळीं एकच होतें: मॅकच्या एका चौकटींत विंडोज. आंतील कारभार मात्र प्रत्येक वेळीं निराळा होता. म्हणून अमुक प्रणाली अमुक संगणकावर चालेल काय, असें कोणीं विचारल्यास आधीं उलट प्रश्न करावा: दोघांची आज्ञाभाषा एक कीं दोन? भाषा एक असेल तर वाड्यांत बिऱ्हाड देण्याइतकें तें सोपें आहे. भाषा दोन असतील तर बहुरूप्यास बोलवावें लागेल.

व्यवस्थापनाचीं साधनें

आभासी यंत्रें निर्माण झालीं, तरी तीं चालू-बंद करणें, त्यांस मेमरी कमी-अधिक देणें, त्यांच्या डिस्कच्या प्रती काढणें, हीं कामें उरतातच. त्यांसाठीं व्यवस्थापनाचीं साधनें लागतात. येथें एक मौज पाहण्यास मिळते. जी विद्या प्रोग्रामास यंत्राच्या बंधनांतून सोडविते, तिचींच कांहीं साधनें स्वतः त्याच बंधनांत अडकलेलीं होतीं.

व्हीएमवेअरच्या सर्व्हरांवर अनेक जातींच्या पाहुण्या प्रणाली सुखानें नांदत. परंतु त्या सर्व्हरांच्या देखरेखीचें मुख्य साधन पुष्कळ वर्षें केवळ विंडोजवरच चालणारें होतें. ज्यांच्या टेबलावर मॅक अगर लिनक्स असे, ते आपल्या संगणकांत एक आभासी विंडोज ठेवीत. हेतु एवढाच कीं, तिच्यांत तें साधन चालवून दुसरीकडील आभासी यंत्रांची व्यवस्था पाहतां यावी. आणि ती विंडोज जर त्याच सर्व्हरावर ठेविली, तर सर्व्हर आजारी पडतांच कपाटाची किल्ली कपाटांतच राहिली असें होई. सन २०१६ च्या आवृत्तींत हें साधन वगळण्यांत आलें, व कोणत्याही संगणकाच्या ब्राउझरांतून काम करण्याची वाट खुली झाली. तरीही ब्राउझरांतील पहिलें साधन फ्लॅश या दुसऱ्या एका प्रोग्रामावर अवलंबून होतें, आणि फ्लॅशचा आधार ता. ३१ डिसेंबर २०२० रोजीं संपला. एक खुंटी सोडली आणि दुसरीस बांधून घेतलें, असा तो प्रकार झाला. पुढें सर्व ब्राउझरांस समजणाऱ्या सामान्य भाषेंत साधन लिहिलें गेलें, तेव्हां ही गोष्ट मार्गी लागली.

दुसरी वाट लिनक्सच्या बाजूनें निघाली. सन २००५ पासून रचिलेल्या ‘लिबव्हर्ट’ या प्रोग्रामसंग्रहानें निरनिराळ्या हायपरव्हायझरांपुढें एकच बोली ठेविली. खालीं झेन असो, केव्हीएम असो, अगर अन्य कोणी असो. ‘चालू कर’, ‘थांबव’, ‘मेमरी एवढी दे’ हे शब्द तेच. आभासी यंत्राचें वर्णन साध्या मजकुराच्या फाईलींत लिहिलेलें असतें, व तें मनुष्यासही वाचतां येतें. दूरच्या संगणकाचा पडदा पाहण्यासाठीं व्हीएनसी नांवाची रीत आहे. ती इंग्लंडांतील केंब्रिज येथील एका प्रयोगशाळेंत निघाली. तिच्यांत पडद्याच्या चौकोनी तुकड्यांचीं चित्रें इकडून जातात, व कळफलकाचे आणि माऊसचे इशारे तिकडून येतात. यापलीकडे दोन्ही यंत्रांस एकमेकांविषयीं कांहीं ठाऊक असावें लागत नाहीं. म्हणूनच ती विंडोज, मॅक, लिनक्स, इतकेंच काय, हातांतील फोनवरही चालते.

यावरून निष्कर्ष असा कीं, साधन यंत्रास बांधूं नये, करारास बांधावें. करार जितका साधा, उघड व लेखी, तितकें साधन दीर्घायुषी.

आम्हीं काय केलें

आतां पुन्हा कचेरीकडे वळूं. प्रथम आम्हीं जुन्या डिस्कची इत्थंभूत प्रत एका फाईलींत उतरवून घेतली व मूळ डिस्क कापसांत गुंडाळून कुलपांत ठेविली; मुळावर प्रयोग करूं नये हा पहिला नियम. मग प्रयोगशाळेंतील एका लिनक्स संगणकावर क्यूईएमयू हा प्रोग्राम घेतला. हा फॅब्रिस बेलार नांवाच्या फ्रेंच गृहस्थांनीं सन २००३ मध्यें प्रसिद्ध केला. भाषा एक असेल तेथें तो केव्हीएमच्या जोडीनें वेग साधतो, व भाषा दोन असतील तेथें दुभाष्याचें काम करितो. आमच्या दोन्ही यंत्रांची भाषा एकच होती. परंतु पाहुणी फार जुनी, म्हणून आम्हीं सबुरीचा, म्हणजे नक्कलेचाच मार्ग धरिला. वेग घटला तरी बिघडलें नाहीं. नवें यंत्र इतकें चपळ कीं, दुभाष्या मध्यें असूनही जुना प्रोग्राम पूर्वींहून लवकर उठला.

यजमानाकडे १६ गिगाबाइट मेमरी होती. पाहुणीस आम्हीं त्यांतील २५६ मेगाबाइटच दिली. विंडोज ९८ ला ५१२ मेगाबाइटांहून अधिक मेमरी पचत नाहीं. म्हाताऱ्या पाहुण्यास बेतानें वाढावें, तसेंच हें. पहिल्यांदा उठतांच तिला आपल्याभोवतीचें सर्व सामान बदललेलें दिसलें, व ती एकेका उपकरणाची ओळख विचारूं लागली. शाळेच्या कपाटांत तिची मूळ सीडी व परवान्याचा कागद जपून ठेविला होता, तो त्या दिवशीं उपयोगी पडला. दुपारीं तीनच्या सुमारास जुन्या प्रोग्रामाची निळी पाटी पडद्यावर उमटली. कचेरीच्या विंडोज संगणकावरून हेडक्लार्कांनीं, व मुख्याध्यापकांच्या खोलींतील मॅकवरून स्वतः मुख्याध्यापकांनीं, तीच पाटी व्हीएनसीच्या साहाय्यानें पाहिली. तीन जातींचे संगणक एका चौथ्या, जगांत नसलेल्या संगणकाकडे पाहत होते!

येथें सावधगिरीचे दोन शब्द सांगणें अवश्य आहे. विंडोज ९८ ची देखभाल ता. ११ जुलै २००६ रोजींच संपलेली आहे. अशा प्रणालीस इंटरनेटवर सोडणें म्हणजे दार उघडें टाकून झोंपणें. म्हणून तिला आम्हीं नेटवर्क दिलेंच नाहीं. आभासी भिंतही अभेद्य नसते. मे २०१५ मध्यें क्यूईएमयूमधील आभासी फ्लॉपी-यंत्रांत एक दोष सांपडला. तो सन २००४ पासून तेथें दडून होता, आणि त्यांतून पाहुणीच्या आंतील लबाडास यजमानाच्या घरांत शिरतां येण्याजोगें होतें. ज्या फ्लॉपीस लोक विसरले होते तिचें सोंग मात्र जागें राहिलें होतें. दुसरी गोष्ट: आभासी यंत्राची एका क्षणाची स्थिति टिपून ठेवितां येते, तिला स्नॅपशॉट म्हणतात; पण सामान्यतः ती मूळ डिस्क-फाईलीवरच टेकलेली असते. मूळ गेलें कीं तीही गेली. खरी प्रत ती कीं जी दुसऱ्या डिस्कवर, शक्य तर दुसऱ्या इमारतींत असते.

जुनें यंत्र जिवंत झालें म्हणजे काम संपलें असेंही नव्हे. हा आभास किती वर्षें पोसावयाचा? म्हणून इयत्ता नववीच्या विद्यार्थ्यांनीं पुढील दोन महिने मधल्या सुटींत दोघांदोघांच्या जोड्या करून काम केलें. एकानें पडद्यावरील नोंद मोठ्यानें वाचावी, दुसऱ्यानें ती युनिकोडांत लिहावी, मग जागा बदलून पुन्हा ताडून पाहावी. आज ती सर्व नोंद कोणत्याही संगणकावर वाचतां येते. आभासी यंत्रानें आम्हांस वेळ मिळवून दिला. त्या वेळाचा उपयोग मुलांनीं केला.

त्या गृहस्थांची नोंद पहिल्याच दिवशीं सांपडली. हेडक्लार्कांनीं ती पडद्यावरून वाचली, भिजलेल्या रजिस्टराचें तें पान उजेडांत धरून जेवढें दिसलें तेवढें तिच्याशीं ताडून पाहिलें, आणि दाखल्याच्या कागदावर शाईनें स्वच्छ अक्षरांत लिहिलें. वडिलांच्या नांवांत ‘ल’ नसून ‘ळ’ होता. मुदतीस अजून नऊ दिवस शिल्लक होते. दाखला हातीं घेऊन ते कांहीं क्षण त्या एका अक्षराकडे पाहत उभे राहिले, व नमस्कार करून गेले.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं कांहीं पुढें प्रोग्राम लिहितील, कांहीं कचेऱ्या चालवितील. तेव्हां एवढें स्मरणांत असूं द्यावें: आज आपण जें यंत्र वापरतों तें उद्यां खाकी कापडाखालीं जाणारच. त्यांत जीं नांवें ठेवाल तीं यंत्राच्या हवालीं न करितां, सर्वांस वाचतां येईल अशा संकेताच्या हवालीं करा; म्हणजे पंचवीस वर्षांनीं कोणी दारीं आला, तर त्याचें अक्षर त्यास परत देतां येईल.